सतरा नंबरचा शिक्का

लिही. तुझी मोठी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, त्यांनी लढाईच्या दिवसांत विमानाची इंजिनं बनवली. बनवायला मदत केली असं लिहू नकोस. बनवली असंच लिही.

तेव्हा मोठे देश आपल्याला हसायचे. यांना कुठलं जमतंय लढाऊ विमान करायला, आमची जुनी घ्या आणि गप्प बसा, म्हणायचे. मग जहाजं यायचीच बंद झाली, आता घेणार कुठून? आपल्या लोकांनी स्वतःचंच विमान काढलं, आणि तेही जगावेगळं. सगळ्यांच्या विमानांचं इंजिन पुढे नाकात, आपल्याचं पायलटच्या पाठीमागे, आणि पंखा शेपटीला. लोक त्याला ढकलगाडी म्हणायचे. पण पुढे इंजिन नाही म्हणून पायलटला समोरचं लख्ख दिसायचं, आणि तोफा बरोबर नाकात बसायच्या. हे मला कुणी शिकवलं नाही, जेवणाच्या सुट्टीत ऐकून ऐकून कळलं.

आमचे दोघींचे नवरे पलटणीत गेलेले. घरात सासूबाई आणि चार पोरं. कारखान्यात बाया घ्यायला लागले तशा आम्ही दोघी गेलो. मला धुण्याच्या टाकीवर घातलं, इंजिनाचे सुटे भाग उकळत्या पाण्यात धुवायचे. म्हटलं, घरी धुणं, इथेही धुणं, माझं नशीब काही बदलत नाही. जाऊबाईंना मात्र खरवडायला घेतलं.

ते काम असं. इंजिनात जाडजूड दांडे असतात, त्यांच्या भोकात पितळेसारखं कडं बसवतात, त्याला बुश म्हणतात, मग दांडा माझ्या टाकीत धुऊन खरवडायला जायचा. त्या कड्यात आस फिरतो. आतून कुठे उंचवटा राहिला की घासतं, तापतं आणि इंजिन जाम होतं. म्हणून आसाला निळा रंग लावायचा, कड्यात फिरवून बघायचा, आणि जिथे रंग उमटेल तिथे हलक्या हाताने खरवडायचं. किती, तर केसाच्या सालीएवढं. मशीनला ते जमत नव्हतं. बारा जणांत जाऊबाई एकट्या बाई, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या कड्यात आस लोण्यासारखा फिरायचा. काम झालं की प्रत्येकाने आपापल्या नंबरचा शिक्का कड्यावर ठोकायचा. त्यांचा सतरा.

पुढे लढाई जवळ आली आणि हुकूम आला, महिन्याला वीसची चाळीस इंजिनं करा. सगळे धावायला लागले. आणि एका आठवड्यात तीन इंजिनं चाचणीत जाम झाली. उघडून बघितली तर तिन्हींत जळलेल्या कड्यावर नंबर सतरा.

फोरमनने सगळ्यांसमोर जाऊबाईंचा शिक्का काढून घेतला. चौकशी होईल म्हणाला. मग काय, जिभांना हाड नसतं. शत्रूने फितवली असेल, असंही कुणी बोललं. जिचा नवरा खंदकात बसलाय तिच्याबद्दल. सासूबाई एरवी आम्हाला मिठापासून नावं ठेवणाऱ्या. पण शेजारीण विचारायला आली तेव्हा म्हणाल्या, "हिचं तोंड बिघडतं कधीकधी. हात नाही बिघडत." आणि दार लावून घेतलं.

जाऊबाई रडल्या नाहीत. मला समोर बसवून खोदून खोदून विचारायला लागल्या. टाकीतून काढल्यावर दांडे कुठे ठेवतेस? म्हटलं, आधी घडवंचीवर निथळायचे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच. आता घाई आहे, पुसायचे आणि लगेच वाटायचे. पहिले कुणाला देतेस? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, तुम्हालाच. घरचं माणूस सोडून परक्याला आधी देऊ का? तुमचं काम मागे पडायला नको, म्हणून पळत आणून देते.

"गरम असतात?"

"चटका नाही बसत. कोमट असतात."

खरवडणाऱ्यांना जाड हातमोजे सक्तीचे होते, घामाने गंज चढतो म्हणून. कोमट काय, त्यांना काहीच कळलं नसणार. त्यांचे वडील गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. धाव तापवली की फुगते, मग ती चाकावर चढवायची, गार झाली की चाकाला अशी आवळते की हलायची नाही. जाऊबाई ते बघतच मोठ्या झालेल्या. म्हणाल्या, "मी फुगलेलं कडं खरवडत होते गं. गार झाल्यावर ते आवळत होतं."

म्हणजे घात मीच केला होता. म्हटलं, माझं नाव सांगा, मला काढतील, तुम्ही सुटाल. त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं का, गार करून दे म्हणून? डोळे पूस आणि साहेबांकडे चल."

इंजिन ज्यांनी काढलं ते मोठे साहेब. फोरमन त्यांना म्हणाला, ही काहीतरी सबब सांगते आहे. जाऊबाई त्याच्याकडे बघितल्यासुद्धा नाहीत. साहेबांना म्हणाल्या, टाकीतून आत्ता एक दांडा काढा, माप घ्या. मग जेवून या आणि परत घ्या. जेवणाआधी मापाची कांडी कड्यात सरकन गेली. जेवण झाल्यावर फोरमनने स्वतः दाबून बघितली. नाही गेली.

पण साहेबांच्याही डोक्यावर टांगती तलवार होती. वरून सांगून ठेवलेलं, आणखी एक इंजिन जाम झालं तर ढकलगाडी बंद, कारखान्यात जुन्या विमानांची डागडुजी करा. ते म्हणाले, एक इंजिन, सगळी कडी या बाईंच्या हातची, शंभर तास सलग चालवायचं. जाम झालं तर तुमचंही संपलं आणि माझंही.

मी दांडे धुतले आणि फरशीवर मांडून पहारा दिला. गार पडेपर्यंत फोरमनलाही हात लावू दिला नाही. मग जाऊबाई बसल्या खरवडायला.

चार दिवस ते इंजिन बोंबलत होतं. आमच्या घरातली भांडी फळीवर थरथरायची. पोरं कुरकुरली तर सासूबाई म्हणाल्या, आवाज आहे तोवर बरं आहे. पाचव्या दिवशी सकाळी कामावर जाताना आवाज एकदम बंद झाला. जाऊबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. मग भोंगा झाला. शंभर तास भरले होते. इंजिन थांबलं नव्हतं, थांबवलं होतं.

उघडलं तेव्हा साहेबांनी प्रत्येक कड्यातून बोट फिरवलं आणि दर वेळी मोठ्याने वाचलं, सतरा. सगळी कडी आरशासारखी.

फोरमनने शिक्का हळूच जाऊबाईंच्या टेबलावर ठेवला. जाऊबाईंनी तो उचललाच नाही. म्हणाल्या, "काढून घेतलात तेव्हा सगळे होते. आता पण सगळ्यांना बोलवा."

बोलवावंच लागलं. फोरमन खोक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, सतरा नंबरचं काम चोख होतं, चूक आमच्या घाईची. मग दोन्ही हातांनी शिक्का दिला. जाऊबाईंनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, आता पांगा, चाळीस इंजिनं व्हायची आहेत.

झाली. चाळीसची पुढे साठ झाली. शत्रूची विमानं समुद्रावरूनच परत फिरली, आमच्या छपरापर्यंत एकही आलं नाही. ढकलगाड्या डोक्यावरून गेल्या की गल्लीतले लोक घराबाहेर येऊन बघायचे. मी चुलीपाशीच बसून ऐकायचे. त्यांतल्या कितीतरी जणींच्या पोटात आमच्या घरची कडी होती.