नेलकटर सिस्टर

झग्याच्या खिशात जपमाळेबरोबर नेलकटर ठेवणारी नन मी एकच पाहिली. आम्ही त्यांना नेलकटर सिस्टर म्हणायचो. आमचं कॉलेज नन चालवतात. समाजसेवेचे तास तिथे सक्तीचे. दर शनिवारी सिस्टर आम्हाला मांजरी गावातल्या वृद्धाश्रमात न्यायच्या आणि तासांच्या कार्डावर सही करायच्या.

पहिल्या शनिवारी आम्ही केळी वाटली, सेल्फी काढले आणि कार्डं पुढे केली.

"कोणाला दिलीत केळी?"

"आज्यांना."

"नावं?"

एकीने मोबाइल काढून सेल्फीतले चेहरे बघितले.

"मग तास कसले? केळीवालासुद्धा केळी देतो." सही नाहीच.

मी इंग्लिश मीडियमची, त्यात लाजरी. आजींशी काय बोलावं ते सुचायचं नाही. सिस्टरांनी मला अनसूयाबाईंसमोर बसवलं. "बोलू नकोस. पाय धर." कोमट पाण्यात पाय भिजवायचे, पुसायचे, नखं कापायची. तिसऱ्या खेपेला अनसूयाबाईच म्हणाल्या, "मुकी आहेस का गं?" मी हसले. मग बोलू लागले.

पुढे कॉलेज तपासायला कमिटी येणार असं ठरलं. पाच आज्यांना बसने आणून स्टेजवर मुलींनी त्यांचे पाय धुवायचे, असं प्रिन्सिपल मदरनी जाहीर केलं. अनसूयाबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. तो त्या कायम साडीखाली झाकतात. "चारचौघांत नाही दाखवायची मी पाय," त्या मला म्हणाल्या. मी ते सिस्टरांना सांगितलं. त्या मला घेऊन थेट मदरकडे गेल्या.

"येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे बायबलातच आहे, सिस्टर," मदर म्हणाल्या.

"फोटोग्राफर नाही बायबलात."

मदरनी मला विचारलं, "आजी खरंच नको म्हणाल्या?"

मी फरशीकडे बघत राहिले. 

आठवड्याभरात सिस्टरांची बदली झाली. एक बॅग, एक रिक्षा. मी फाटकापाशी म्हणाले, "तुम्ही नाही म्हणा ना!"

"आज्ञापालनाचं व्रत मी घेतलंय," त्या म्हणाल्या. "तू कधी घेतलंस?"

कार्यक्रमाच्या सकाळी वृद्धाश्रमाच्या दारात बस लागली. मी तिच्या पायरीपाशी उभी राहिले. "अनसूयाबाई येणार नाहीत. त्यांना नकोय." आवाज फाटला, पण ऐकू गेला. बसबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडम चिडल्या, तरी अनसूयाबाई खाटेवरच राहिल्या.

बाकीच्या चौघींना धरून बसमध्ये चढवलं. त्यांचे पाय स्टेजवर धुतले, कमिटीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग अजून गेलेला नाही. त्या चौघींना यायचंय का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.