शेवटच्या रांगेतले मामा

माझ्या थोरल्या मामांइतका न्यायी, आणि म्हणूनच सोबत प्रवासाला अत्यंत गैरसोयीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्यांनी उभी हयात काढली. त्यातली निम्मी लेथवर आणि निम्मी साहेबाच्या केबिनबाहेर, कामगारांच्या वतीने भांडत. कॅन्टीनच्या चहात पाणी जास्त झालं, मामा केबिनबाहेर. कुणाला गमबूट लहान आला, मामा केबिनबाहेर. त्यांचा स्वतःचा गमबूट मात्र सगळा पावसाळा गळत असायचा. "आपल्यासाठी मागायला गेलो की आवाज बसतो माझा," ते म्हणत. दुसऱ्यासाठी बोलताना तोच आवाज बदलापूरपर्यंत ऐकू जाई. घरात पापलेटचा मधला तुकडा कुणाला, याचीसुद्धा त्यांनी पाळी लावली होती, आणि स्वतःची पाळी आली की ते हमखास बाहेर जेवून येत.

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही, पण मामांचा अभिमान माझ्याहून मोठा होता. रिझल्ट लागला त्या दिवसापासून त्यांनी माझं नावच सोडून दिलं. स्टेशनवर, भरबाजारात, कुणाच्या मयताला, कुठेही हाक यायची, "ए बी.कॉम., जरा पिशवी धर."

मामा रिटायर झाले तेव्हा मामींनी संसारात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लुंबिनीला जायचं तर दोघांच्याही मनात होतंच, आमच्याकडे ते कुणाच्या मनात नसतं? पण तिथवर जातोच आहोत तर मामींना बर्फाचा डोंगर बघायचा होता. "कॅलेंडरवरचा नको, खरा," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक सिंधी सेठ कापडाचं दुकान सांभाळून वर्षातून एकदा नेपाळची टूर काढायचे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे मिनीबस. ओळखीची पाच-सात कुटुंबं जमली, आईला घेऊन मीही निघालो.

हद्द ओलांडताना मामा नाराज झाले. रेशनकार्डापासून कंपनीच्या ओळखपत्रापर्यंत सगळं त्यांनी शर्टाच्या खिशात तयार ठेवलं होतं, आणि कुणी काही विचारलंच नाही. "परदेश म्हणायचं तर निदान कुणी अडवायला तरी पाहिजे," असं म्हणून ते स्वतःच जाऊन नाक्यावरच्या शिपायाला कार्ड दाखवून आले. शिपायाने सलाम केला, तेव्हा कुठे मामांपुरता परदेश सुरू झाला.

मिनीबसमध्ये पाय ठेवताच त्यांनी सीटांची पाळी लावली. रोज सकाळी प्रत्येकाने एक रांग मागे सरकायचं, शेवटच्या रांगेने पुढे यायचं, आणि डावीकडच्यांनी उजवीकडे जायचं. एका काकूंनी गाडी लागते म्हणून पुढची खिडकी धरून ठेवली, तर मामांनी त्यांच्या हातात लिंबू दिलं आणि अदबीने मागे पाठवलं. सगळे कुरकुरले, पण मोडायची हिंमत कुणाची नव्हती. बाहेर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, तळाशी हिरवी नदी, तिच्यावर झुलते पूल, आणि आत आमचं लक्ष उद्या आपण कुठल्या रांगेत, याकडे. त्यात सेठची गाडी शालींच्या दुकानापाशी तासभर थांबायची आणि नदीच्या वळणावर पाच मिनिटंही नाही. तक्रार केली तर ते शांतपणे म्हणत, "साईं, नदी तो खिडकी से भी दिखती है. शाल खिडकी से नहीं दिखती."

लुंबिनीला सगळे हात जोडून गप्प झाले. मामांनी तिथे पाळीसुद्धा लावली नाही. पण पोखऱ्याने दगा दिला. तिथे म्हणे हॉटेलच्या गच्चीतून डोंगर दिसतात. आम्हाला ढग दिसले. मामी रोज पहाटे आईची शाल पांघरून गच्चीत जायच्या आणि चहाच्या वेळेला खाली यायच्या. त्यांचा चेहरा बघून कुणी काही विचारत नसे. शेवटच्या सकाळीही ढगच होते. आम्ही काठमांडूच्या वाटेला लागलो. हा एक रस्ता संपला की डोंगर संपले, हे सेठनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

आणि त्या दिवशी मामा-मामींची पाळी शेवटच्या रांगेत आली होती, उजवीकडे.

थोडं पुढे गेलो आणि डावीकडचे ढग फाटले. अख्खी बस "अरे, अरे" करत डावीकडे झुकली. मागून मामींना दिसल्या त्या फक्त लोकांच्या माना. मी डावीकडे होतो. उठलो आणि म्हणालो, "मामी, इकडे या, माझ्या जागेवर."

"खाली बस," मामा म्हणाले. "पाळी म्हणजे पाळी. आज माझ्या बायकोला खिडकी दिली, तर परवा त्या काकूंना मी कुठल्या तोंडाने मागे पाठवलं?"

"असू दे रे," मामी म्हणाल्या. "पांढरं पांढरं दिसलं मला मधून. असू दे."

मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, सीटा धरत धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याला उलटी होतेय असं वाटून त्याने गाडी डावीकडच्या मोकळ्या जागेत, कठड्याकडे तोंड करून उभी केली. मामा उतरले, गाडीच्या पुढ्यात गेले आणि बंपरकडे तोंड करून मांडी घालून बसले.

"काम बंद," ते म्हणाले.

सेठ धावत आले. "वडी साईं, ये क्या है? काठमांडू में खाना ठंडा हो जाएगा."

"सगळ्या प्रवाशांना डोंगर मिळाला पाहिजे. खाली उतरून. अर्धा तास."

"दस मिनट."

"अर्धा तास. ए बी.कॉम., यांना इंग्रजीत सांग."

"मामा, सेठना मराठी कळतं."

"कळतं म्हणूनच ऐकत नाहीत. इंग्रजीत सांग."

मी "हाफ अॅन अवर, प्लीज" म्हणालो. सेठनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि हसायला लागले. गाडीतून त्यांनी पापडांचा डबा काढला, सगळ्यांना वाटला, एक पापड मामांच्या हातात दिला आणि स्वतः दगडावर बसून राहिले.

मामी उतरून कठड्यापाशी गेल्या. डोंगर समोर होता, मध्ये ना काच, ना मान. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. मग मागे न बघताच म्हणाल्या, "अहो, बघा तरी."

"मी वळलो की हा गाडी सुरू करील. तू बघ."

ड्रायव्हर तेव्हा रस्त्याच्या कडेला बिडी ओढत होता. पण मामांचा मॅनेजमेंटवर विश्वास कधीच नव्हता. पाठीमागे हिमालय आणि पुढ्यात बंपर, असे ते पापड खात अर्धा तास बसले. मग उठले, पँट झटकली आणि वळले. तोवर ढग पुन्हा मिटले होते. मामा म्हणाले, "चला, ठरल्याप्रमाणे झालं." शेवटच्या रांगेत बसल्यावर मामी काठमांडू येईपर्यंत त्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. ते डोळे मिटून ऐकत होते.

पुढे अंबरनाथच्या घरी कुणी पाहुणा आला की मामा डोंगराचं वर्णन करत. "डावा खांदा जरा उतरलेला. टोकावर पिवळसर ऊन. आणि खाली सावली कशी, तर चादरीला नीळ जास्त झाली की दिसते तशी." मामांनी जन्मात कधी नीळ हातात धरली नव्हती. मामी मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "हो, अस्साच होता."

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या बायकोने मामींना नेपाळचं विचारलं, तो डोंगर कसा होता म्हणून.

"मला नाही गं तसं सांगता येत," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारायला हवं होतंस. त्यांनी नीट पाहिला होता."