आमसूलवाली चंद्रीबाय

माझ्या दवाखान्यात शिरणाऱ्या पेशंटला चंद्रीबाय आधी रस्त्यातच अडवायची. "काय खाल्लंस? खरं बोल!" बोर्ली पंचतनच्या बाजारात, बरोबर माझ्या दारासमोर, ती आमसुलं विकायला बसे. कुणाच्या अंगावर पित्ताच्या गांध्या दिसल्या की तिथेच आमसुलं भिजवून ते पाणी चोळायची आणि घरी जाऊन घोंगडी पांघरून पडायला सांगायची. आयुर्वेदाची पदवी घेऊन मी नुकताच दवाखाना थाटला होता आणि ही बाई माझ्या डोळ्यांत सलत होती.

तीही मला पाण्यात पाहायची. एकदा मी एका बाईंना समजावत होते, "याला शीतपित्त म्हणतात. गार वाऱ्याने वात-कफ बिघडतात, पित्ताशी मिळतात आणि कातडीवर येतात." तेवढ्यात दारातून आवाज आला, "तिला खाज सुटलीय आन् तू पोथी काय वाचतंस? आंबट दही बंद कर म्हणावं!" बाई हसल्या. दह्याचं मीही सांगणारच होते. ते तिने माझ्याआधी सांगितलं, याचा मला जास्त संताप आला.

एका दुपारी रमेश आला, होडीवरचा खलाशी. त्याला वरचेवर गांध्या उठत आणि माझ्या हरिद्राखंडाने, हळदीच्या त्या औषधाने, उतार पडे. त्या दिवशी कोलंबी खाल्ल्यावर अंगभर उठल्या होत्या. मला वाटलं, नेहमीचंच. त्याला बाकावर बसवून मी पुड्या बांधू लागले. चंद्रीबाय तरातरा आत आली. गांध्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"त्याचं ओठ बघ, सुजलंत. आवाज बसलाय. हे तुज्यानं व्हायचं न्हाय, माज्यानं बी न्हाय. गाडी काढ, बिनडोके!"

मी तिला बाहेर व्हायला सांगितलं. मग रमेशने गळ्याशी हात नेला, श्वास घेताना घरघर ऐकू आली. मी गाडी काढली. हॉस्पिटलात लगेच इंजेक्शन दिलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर घसा मिटला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

रमेशच्या बायकोने माझे पाय धरले. 'डॉक्टरबाईंमुळे वाचला' असं गावभर झालं आणि मी गप्प राहिले. रमेश तेव्हा भानावर नव्हता असं मी धरून चालले होते. नव्या दवाखान्याचं नाव जाईल, ही भीती होती. चंद्रीबायसमोर जाऊन उभी राहिले तर ती खेकसली, "बाजूला व्हय, गिऱ्हाईक अडतंय."

गेल्या वर्षी ती गेली. दहाव्याला मला राहवलं नाही. रमेशला बाजूला घेऊन सांगून टाकलं, की तुझा धोका तिने ओळखला, मी पुड्या बांधत होते.

"मी तितंच व्हतो की बाई," तो म्हणाला. "सगलं ऐकत व्हतो. बायकोला पन सांगितलं मागनं. पन चंद्रीबायनं आमची तोंडं बंद केली. म्हनली, 'पोर नवी हाय, शिकंल. नाव गेलं तर पलून जाईल, मंग गावाला डॉक्टर कुटला?'"

मला तिचा भयंकर राग आला, आणि जाऊन भांडायला ती आता समोर नव्हती.