जळबाचा फिरता नंबर

आखाडा बाळापूरच्या चौकात जळबाचा एसटीडी बूथ होता. गडी बारावीपर्यंत गणितात पहिला. पुढं शिकणं जमलं नाही, पण खोड काही गेली नाही. गिऱ्हाइकानं नंबर दिला की तो कशानं भागतो, हे सांगितल्याशिवाय याचं बोट डायलकडं जायचंच नाही. "लोक फोन लावायला येतेत, तुमची शाळा ऐकायला न्हाई," असं बायको पद्माबाई रोज सुनवायची.

१९९९ सालच्या थंडीत एका सकाळी तांड्यावरची भिकाबाई धापा टाकत आली. तिची लेक संगिता नांदेडला दिली होती. तिला काल कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि पुढं काहीच कळलं नाही. तिच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर होता, पण ती चिठ्ठी ओढणीच्या गाठीत राहून ओढणीसोबत धुतली गेली होती. भिकाबाईच्या मुठीत नुसता लगदा होता.

"भाऊ, दिवाळीत तुमीच लावून देल्ता की!"

जळबाला आठवलं. तो फिरता नंबर! १४२८५७ घ्यायचा, दोनापासून सहापर्यंत कशानंही गुणायचा. तेच सहा आकडे त्याच क्रमानं येतात, फक्त सुरुवात बदलते. भिकाबाईचा नंबर त्यांतलाच एक होता. पण कोणता, हे काही केल्या आठवेना, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

त्यानं दोनपटीचा लावला. कुणीतरी खेकसलं. तीनपटीचा नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना. हाच असेल का? भिकाबाईचा चेहरा उतरला. जळबानं रिसीव्हर खाली ठेवला.

"मावशी, त्या दिवशी मी अजून काय बोललो व्हतो?"

"तुमी लई बोलता, भाऊ. मला चारच ध्यानात हाय. मूळ नंबर चौपट केला की तुमचा, म्हनले व्हते. मला लेकरं बी चारच, म्हनून राह्यलं."

जळबानं कागदही घेतला नाही. ५७१४२८. लावून रिसीव्हर भिकाबाईच्या हातात दिला. तिचा 'हॅलो' ऐकताच पलीकडून शेजारणीचा आवाज आला, "संगिताची आई व्हय? पोरगी झाली पहाटं. दोघी बराबर हायेत."

भिकाबाई रिसीव्हर धरूनच रडली. किती वेळ रडली, याचा हिशेब मीटरनं ठेवला. जळबानं तिकडं पाहिलंच नाही. त्याचेही डोळे भरून आले होते आणि काल रात्रीपासून आपल्याच घरातली कुणी अडली होती आणि आता सुटली, असं त्याला हलकं वाटत होतं. पद्माबाईनं तिघांचा चहा आणला.

त्यानं नव्या चिठ्ठीवर नंबर लिहायला घेतला, तर भिकाबाईनं हात धरला.

"लिहू नका. चार ध्यानात हाय." मग डोळे पुसून ती बाकावर नीट बसली. "त्या दिवशी तुमी सातावर आल्ता अन् मी घाईत उठून गेल्ते. सातानं गुणलं तं काय व्हतं, ते सांगा आता."

इतक्या वर्षांत जळबाला असं कुणी विचारलं नव्हतं.

"सगळे नऊ, मावशी," तो म्हणाला. "सहाच्या सहा, नुसते नऊ."