आत धरलेला फटका

माझी मावशी बुलडोझर चालवायची, आणि त्या बुलडोझरने गोल्फची मैदानं घडवायची. तिथला प्रत्येक उतार, प्रत्येक वाळूचा खड्डा आधी कुणीतरी मातीतून उठवावा लागतो, हे खेळणाऱ्यांच्या गावीही नसतं. आराखडा काढणारे साहेब यायचे आणि बुटांना चिखल लागायच्या आत परत जायचे. कागदावरच्या रेघा जमिनीवर उतरवायला मावशी. चेंडू कसा घरंगळेल ते बघायला ती ओल्या मातीत गाल टेकून चक्क पालथी पडायची. घरी आली की माझी आई ओरडायची, "अगं, कानातली माती तरी काढ, मग जेवायला बस!"

आमच्या शहरातल्या क्लबच्या मैदानाचे अठरा टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी एक भोक; त्या टप्प्यालाच 'होल' म्हणतात. त्यातलं सहावं होल तिचं सगळ्यात लाडकं. तिथे आराखडा जमिनीशी जुळेचना, तेव्हा साहेबांनी फोनवर हात झटकले, "बाई, तुम्हाला दिसेल तसं करा." तिने केलं. त्याचंच चित्र आज क्लबच्या कॅलेंडरवर आहे.

निवृत्तीच्या वेळी तिने क्लबकडे एकच गोष्ट मागितली. सहाव्या होलवर एक फटका मारू द्या. एक!

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा पुसला. "मावशी, इथे सभासदच खेळतात. आणि बायकांना सभासदाची पत्नी म्हणूनच परवानगी. तुमचे मिस्टर..."

मिस्टर मेकॅनिक होते, आणि ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लब काढणाऱ्या मिशाळ मंडळींचे फोटो त्या भिंतीवर ओळीने लटकलेत. त्यांनी शिकार सोडून चेंडू धरला, पण नाक होतं तेवढंच वर ठेवलं. बायकांना पुढच्या दाराने आत घ्यायलाच त्यांच्या दोन पिढ्या गेल्या. कामगार तर अजून मागच्याच दाराने जातात. सगळे आयत्या बिळावरचे नागोबा, आणि बीळ कोरणारीलाच म्हणे परवानगी नाही!

त्याऐवजी क्लबने तिला 'मान' दिला. निरोपाच्या दिवशी अध्यक्ष सहाव्या होलवर खेळणार आणि भोकातली झेंड्याची काठी मावशीने धरायची. चेंडू जवळ आला की ती उपटून बाजूला व्हायचं. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती इस्त्रीची साडी नेसून गेली. मीही गेले, दात-ओठ खात.

अध्यक्षांनी चेंडू ढकलला. मावशीने काठी काढली. चेंडू आला आणि भोकाच्या वीतभर अलीकडे थांबला.

आता त्या खेळात एक रीत आहे. एवढंसंच अंतर उरलं की सोबतचा खेळाडू उदार होऊन म्हणतो, 'आत धरला', आणि तो फटका न मारताच मोजतात. अध्यक्षांचा तर हातभर लांबूनही धरतात.

"धरला, साहेब, आत धरला!" सोबत खेळणारे सेक्रेटरी म्हणाले. टाळ्या पडल्या.

"साहेब," मावशी म्हणाली, "तुम्ही तो मारणार नाहीच ना? मग मला मारू द्या."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष हसले. "मावशी, नियम म्हणजे नियम." आणि ते चेंडू उचलायला वाकू लागले. पण मध्ये पोट आलं, त्यामुळे वाकायला वेळ लागला.

तेवढ्यात मावशीने झेंड्याची काठी उलटी केली. खाली वाकून तिने उताराकडे एकदा बघितलं आणि टोकाने चेंडूला हळूच टोचलं. चेंडू भोकात पडला. केवढासा तो आवाज, पण मला ऐकू आला.

"हा फटका धरला जाणार नाही!" सेक्रेटरी ओरडले.

न मारलेला धरला होता, मारलेला धरायचा नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने माझा दंड दाबला.

"नका धरू," ती म्हणाली. "आत गेलाय तो." तिने वाकून चेंडू काढला, अध्यक्षांच्या हातात दिला, काठी भोकात पुन्हा सरळ रोवली आणि मला म्हणाली, "चल, भूक लागली. पुढच्या दाराने जाऊ."