काकाजींचा ठिय्या

काकाजी साड्यांच्या विभागात शिरण्याआधी बूट काढायचे. कंपनीनं दिलेले काळे, लेसवाले बूट. ते भिंतीशी नीट जोडून ठेवायचे आणि दिवसभर मोज्यांवर फिरायचे. मॅनेजरनं पहिल्यांदा हटकलं, तेव्हा काकाजी म्हणाले, "साहेब, अठी लक्ष्मी हाय. जोडे घालून कसं जाऊ तिच्याजवळ?" मॅनेजरनं खाली फरशी पाहिली, वर साड्या पाहिल्या. मग युनिफॉर्मच्या नियमांत मोज्यांबद्दल काही लिहिलेलं नाही असं म्हणून तो निघून गेला.

आमचा मॉल म्हणजे दोन मजले आणि एक सरकता जिना, तोही बहुतेक वेळा सरकत नाही. पण पुसदला आम्ही त्याला मॉलच म्हणतो. मोठ्या कंपनीचा आहे. जिल्ह्याजिल्ह्याला त्यांची अशी दुकानं आहेत. तो यायच्या आधी काकाजी मेन रोडवर एका शेठजींच्या कापडदुकानात गादीवर बसायचे. मॉल आला, शेठजींचा धंदा बसला, आणि कंपनीनं उद्घाटनाच्या दिवशीच काकाजींना उचललं, कारण लग्नाचं गिऱ्हाईक त्यांच्या मागे यायचं. मी दोन वर्षांनी लागले. साडीची घडी कशी घालायची, बाईनं नाक मुरडलं की कोणता रंग काढायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. मी चुकले की म्हणायचे, "काय व बाई, साडी हाय का सतरंजी?"

बस्ता म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कंपनीला मात्र सांगावं लागलं. लग्नघरची सगळी माणसं एकदम दुकानात येतात आणि नवरीपासून नवऱ्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांचं कापड एका बैठकीत घेऊन उठतात. बैठकीत म्हणजे बैठकीतच. उभ्याउभ्या बस्ता होत नाही, भांडण होतं. पहिल्याच सीझनला काकाजींनी खालच्या मजल्यावरून डबलबेडची चादर आणली, दोन रॅकच्या मधे अंथरली आणि दारव्ह्याकडच्या एका वऱ्हाडाला मांडी घालून समोर बसवलं. मॅनेजर धावत आला, खूप ओरडला. संध्याकाळी त्यानं विक्री पाहिली आणि यापुढे डाग पडलेली चादर वापरावी, अशी सूचना केली.

त्यामुळे लग्नसराईत काकाजी बसलेले चालायचे. बाकीचे महिने नियम होता: ड्युटीवर बसायचं नाही, टेकायचं नाही. आम्हा पोरींनाही तोच. सकाळी दहापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभं. काकाजींनी एकदा स्टूल मागितलं. मॅनेजर म्हणाला, "अंकल, बसलेला स्टाफ दिसला की ब्रँडची इमेज जाते." काकाजींनी वाद घातला नाही. वरचे डबे काढायची लोखंडी शिडी होती, तिच्या खालच्या पायरीवर ते अधूनमधून टेकू लागले. आठवड्याभरात शिडीवर चिकटपट्टीनं कागद लागला: शिडी बसण्यासाठी नाही. काकाजी तो वाचून मला म्हणाले, "बरं झालं सांगतलं. मले वाटे खुर्ची हाय."

कंपनी आम्हाला कामगार म्हणत नसे, फॅमिली म्हणत असे. दर सोमवारी सकाळी मॅनेजर आम्हाला रांगेत उभं करून हे सांगायचा. आम्ही ते ऐकून सोडून द्यायचो. काकाजींनी ते खरंच मानलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी हेड ऑफिसला धाडली, वर हळद-कुंकू लावून, सहकुटुंब या म्हणून. उत्तर आलं. आत डिस्काउंटचं कूपन होतं, ते लग्नाच्या आधीच्या रविवारी संपत होतं. काकाजींनी ते देवाजवळ ठेवलं. "याद तं ठेवली न त्याहीनं," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी इतका राग आला होता की मी डबा खाल्ला नाही.

कोरोनात दुकानाला कुलूप होतं, पगार अर्धा होता. तेव्हाही काकाजी वॉचमनला गळ घालून आत जायचे आणि सिल्कच्या साड्यांच्या घड्या बदलून यायचे. घडी एकाच जागी राहिली की कापड तिथं चिरतं. दुकान उघडलं तेव्हा एकही साडी चिरलेली नव्हती. कंपनीनं काकाजींकडे खुलासा मागितला, की आत जायची परवानगी कुणाची होती. पुढच्या वर्षी त्यांनाच निष्ठावान कर्मचारी म्हणून बक्षीस दिलं. बक्षीस म्हणजे त्यांचा फोटो. तो संडासाकडे जाणाऱ्या बोळात लावला, कारण बाकीच्या भिंतींवर ऑफर होत्या.

मग गुडघे गेले. आधी एक, मग दुसरा. काकाजी जिना चढताना कठड्याला धरून थांबायचे आणि कुणी पाहिलं तर कठडा पुसल्यासारखं करायचे. मी म्हटलं, "काकाजी, सायबाले सांगा न." ते माझ्यावर डाफरले. "सांगू? अन् मंग? उभं राह्यता येत नाही म्हटलं का काढतीन मले. तू कोणाजवळ बोलली तं पाह्य." त्यांना अजून दोन वर्षं काढायची होती. धाकट्या मुलाचं शिक्षण बाकी होतं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाला साड्यांशिवाय करमलं नसतं.

त्याच वर्षी हेड ऑफिसला बस्ता समजला. चादर बंद झाली. तिच्या जागी तीन गुलाबी सोफे आले आणि वर पाटी लागली: वेडिंग लाउंज. गिऱ्हाइकानं सोफ्यावर बसायचं, स्टाफनं समोर उभं राहून साडी दाखवायची. आता काकाजींना सीझनमध्येही बसणं उरलं नाही.

महागावकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं. वीसेक माणसं. लग्न बौद्ध पद्धतीचं, त्यामुळे नवरीला पांढरी शुभ्र साडी हवी होती, बारीक सोनेरी काठाची. नवरीची आजी पुढं होती, हातात काठी, नजर करडी. काकाजींनी सोफा दाखवला. आजी म्हणाली, "अन् तुमी?"

"मी उभाच असतो, आजी."

"तुमी म्हातारे मानूस उभे, अन् आमी बसाव? हे कोन्या गावची रीत?"

आजी बसली नाही. मग तिची सून बसली नाही. मग कुणीच बसलं नाही. तीन गुलाबी सोफ्यांभोवती वीस माणसं उभी, आणि साडी काही पसंत पडेना. मॅनेजरनं दुरून घड्याळ पाहिलं, टार्गेट आठवलं आणि काकाजींच्या कानाशी येऊन म्हणाला, "अंकल, आजच्या दिवस बसा."

मी पळत जाऊन चादर आणली. काय बस्ता झाला तो! माय व! आजी काकाजींना दटावत होती, काकाजी आजीला दटावत होते, आत्यांचे दोनदा रुसवेफुगवे झाले आणि मिटले. पांढरी साडी नवरीच्या खांद्यावर टाकली तेव्हा तिची आई रडली. गठ्ठे बांधून मंडळी गेली.

"अंकल, झालं. उठा आता," मॅनेजर म्हणाला.

काकाजी उठले नाहीत. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसले. मॅनेजरनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो बाजूला गेला आणि नागपूरच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. "सर, स्टाफनं ठिय्या दिलाय."

मी चादरीवर त्यांच्या शेजारी वाकले. त्यांच्या कपाळावर घाम होता. अगदी हळू म्हणाले, "पोरी, गुडघे अटकले व. थोड्या वेळानं सुटतीन. कोणाले सांगू नको." मी तिथंच बसून राहिले, म्हणजे ते एकटे दिसू नयेत. मला बसलेलं पाहून बिलिंगच्या दोघी आल्या आणि बसल्या. मग किराण्याच्या आल्या, मग लहान मुलांच्या कपड्यांच्या. चादर पुरेना. कुणी गिऱ्हाईक मोबाइलवर शूटिंग करू लागलं.

मॅनेजर फोन कानाशी धरून आमच्यासमोर आला. "साहेब विचारतात, मागण्या काय आहेत?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत निव्वळ भीती होती. मी जे तोंडात आलं ते बोलले. "स्टूल. प्रत्येक सेक्शनला."

मॅनेजरनं ते फोनवर सांगितलं. शूटिंग चालूच होतं. मग मॅनेजर म्हणाला, "मंजूर." पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत मी आणि बिलिंगच्या एकीनं काकाजींना काखेत हात घालून उभं केलं. पाहणाऱ्यांना वाटलं, आम्ही पुढाऱ्याला उचलतोय.

आठ दिवसांनी स्टुलं आली. त्याच आठवड्यात काकाजींची बदली झाली, भिवंडीच्या गोडाऊनला, तीही बढतीवर. ज्यांनी जन्मात यवतमाळ जिल्हा सोडला नाही त्यांना भिवंडी! मी म्हटलं, "काकाजी, मी जाऊन सांगते. ठिय्या नव्हताच, गुडघे धरले होते. डॉक्टरचा कागद दाखवू."

काकाजी साड्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "मंग काय म्हणतीन? बुढ्याचे गुडघे गेले, याले घरी पाठवा. म्हणजे मी जातोच. अन् ठिय्या नव्हता म्हटलं तं तुमचे स्टूल कायले ठेवतीन? तेबी जातीन." घडी झाली. ती रॅकवर ठेवून म्हणाले, "राहू दे. मी नेता झालो तं झालो."

भिवंडीला ते गेले नाहीत. राजीनामा दिला. निरोपाला केक होता, त्यावर काकाजींचं नाव चुकलं होतं, आणि केक कापताना मॅनेजर बोलला की फॅमिली सोडून कुणी जात नसतं.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले. खाटेवर बसले होते, पाय लांब करून. गुडघ्यांना तेल लावलेलं. बायकोनं चहा दिला. मी मॉलच्या गोष्टी सांगितल्या: नवा मॅनेजर, बंद जिना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"बसता न व पोरीहो? का नुसतेच ठेवले स्टूल?"

आता काय सांगू? स्टुलं होती. पण बसणारीचं नाव नवा मॅनेजर लिहून घ्यायचा आणि पगारवाढीच्या वेळी काढायचा. त्यामुळे कुणीच बसत नसे. माझ्या सेक्शनच्या स्टुलावर आम्ही साड्यांचे रिकामे डबे रचले होते.

"बसतो न, काकाजी," मी म्हटलं. "आळीपाळीनं बसतो."

काकाजी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मंग झालं," म्हणाले. मला तिथं थांबवेना. रस्ताभर मला माझीच लाज वाटत होती, आणि त्या माणसाची माया येत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी डबे उचलून खाली ठेवले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि बसले. अगदी सीसीटीव्ही कॅमेऱ्यासमोर. मॅनेजर आला. खिशातून वही काढली.

"काय मॅडम, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे, सर," मी म्हटलं, आणि बसून राहिले.