रिकाम्या गोडाऊनमधली सायकल

माझ्या बेंबीच्या वर एक गाठ आली होती. खोकले की बाहेर यायची, आडवी झाले की आत जायची. वर्षभर मी ती निऱ्यांमागे लपवली आणि कुणालाही सांगितलं नाही. एकदा भरलेलं पातेलं उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा नवऱ्याने धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे. ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा, एवढ्या चरबीवर टाके धरायचे नाहीत. आणि उशीरही नको, कारण आतडं त्या भोकात अडकलं तर जिवावर बेतेल. म्हणजे घाईही करायची आणि वाटही बघायची. रोज चालत जा म्हणाले.

चालत जा! मी दापोड्यात राहते. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घराभोवती भाताची खाचरं होती. आता गोडाऊन आहेत. मागे आमची तीन, दोन्ही बाजूंना चुलत दिरांची, आणि समोर गल्ली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हातभरावर निळ्या पत्र्याची भिंत दिसते. उजेड हवा असेल तर दिवा लावायचा. गल्लीतून बाहेर पडलं की रस्ता, आणि रस्त्यावर सकाळपासून कंटेनरांची रांग. पायी चालणाऱ्या माणसाला तिथे जागाच ठेवलेली नाही. कडेला गटार, गटाराच्या कडेला उभा ट्रेलर, आणि ट्रेलरच्या सावलीत दात घासणारे ड्रायव्हर. दारात आमच्या दोन गाड्या उभ्या आहेत, पण मला त्या चालवता येत नाहीत. काल्हेरला ब्लाउज शिवायला टाकायचा तरी मुलगा नाहीतर नवरा रिकामा व्हायची वाट बघायची. घरात सुख होतं, खोटं का बोलू? जमिनीचं भाडं यायचं, खायला-प्यायला कमी नव्हतं. बसून बसून मी फुगत गेले, एवढंच.

गच्चीवर चालून बघितलं. पाण्याच्या टाक्यांमधून आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे. चार दिवसांत वीट आला.

सायकलचं डोक्यात घातलं ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मास्तरीणबाईंनी. शहापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, शाळेला सहा-सात किलोमीटर सायकल मारत गेलेल्या. "वहिनी, गुडघ्यावर भार येत नाही, पोटाला हिसका बसत नाही. मी शिकवते," त्या म्हणाल्या. ऐकायला समोरची शेजारीण होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, वजनाने माझ्याच तोडीची, आणि तोंडाने आम्हा दोघींना भारी. "मना पण शिकव," ती म्हणाली. "न्हायतरी मेल्यावर चौघांना मी उचलाची न्हाय."

आता चालवायची कुठे? योगायोगाने तेव्हा आमचं मधलं गोडाऊन रिकामं झालं होतं. जुना भाडेकरू हायवेच्या बाजूला मोठ्या जागेत गेला, आणि नवा मिळेना. नवरा दिवसभर दलालांना फोन करायचा. मी किल्ली मागितली तेव्हा त्याने विचारलं, कशाला.

"पोटासाठी," मी म्हटलं.

त्याने किल्ली दिली. चांगला माणूस आहे तो, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं. फक्त म्हणाला, "शटर अर्ध्यावर ठेव. लोक बघतात."

असं आमचं सुरू झालं. सकाळी सहाला आम्ही तिघी अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरायचो. त्या शटरखालून वाकणं हाच माझा पहिला व्यायाम होता. बाईंची स्वतःची सायकल, आणि माझ्या मुलीची कॉलेजला जाईपर्यंत वापरलेली, आता धूळ खात पडलेली दुसरी. ती मी आणि शेजारीण आळीपाळीने चालवायचो. मी मुलीचीच जुनी ट्रॅकपँट कुर्त्याखाली चढवायची आणि घरातून निघताना वर गाऊन घालायची. लाज वाटायची, आणि लाज वाटते याचा रागही यायचा. सेहेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, स्वतःच्या गोडाऊनमध्ये चोरासारखी शिरते!

आत मधोमध एक लोखंडी खांब होता. जुन्या भाडेकरूने दसऱ्याला त्याच्यावर शेंदराचं स्वस्तिक काढून देवाची तसबीर टांगली होती. तसबीर नेली, शेंदूर राहिला. पहिल्या दिवशी बाई सहज त्या खांबाभोवती डाव्या बाजूने वळल्या, तशी शेजारीण केवढ्याने तरी ओरडली.

"अगो बाय, देव उजव्या हाताला ठेव! उलट्या फेऱ्या मेल्यावर घालतान. आपून अजून जित्या हाव."

बाई हसल्या, पण वळल्या. त्या शिकल्यासवरलेल्या, तरी तिघींनाही ते पटलं होतं, किंवा न पटण्याएवढं धैर्य एकीलाही नव्हतं. त्या दिवसापासून आमची सायकल खांब उजवीकडे ठेवूनच फिरली. प्रदक्षिणाच ती. शेजारीण तर पहिली फेरी झाली की एक हात सोडून नमस्कार करायला जायची आणि धाडकन पडायची.

मी किती पडले ते विचारू नका. कोपरं सोलली. बाई मागून सीट धरून धावायच्या, "समोर बघा, खाली नको," म्हणायच्या, आणि मी नेमकी खाली बघायची. मग एके सकाळी मागून आवाज येईना म्हणून वळून पाहिलं, तर बाई लांब खांबाला टेकून उभ्या, आणि शेजारीण तोंडात पदर कोंबून. मी एकटीच चालवत होते! मला एवढा आनंद झाला की रडू फुटलं. त्या दोघींनी मला उतरवून घट्ट धरलं, घामाच्या वासासकट. लग्नानंतर मी एवढी मोठ्याने कधी हसले होते ते मला आठवेना.

पण आनंद पहिल्या महिन्याचा. मग मला ते गोडाऊन दिसायला लागलं. पत्रा तापायच्या आधीच आत कोंदट व्हायचं. चार भिंती, चार कोपरे, तेच शेंदराचे डाग, तीच फरशीची भेग. पाय चालायचे, वारा तोंडाला लागायचा, आणि पोचायचं कुठेच नाही. शटरखालून उजेडाची एक पट्टी आत यायची, त्यात बाहेरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. ते पाय कुठेतरी चालले होते. मी प्रत्येक फेरीला त्या पट्टीजवळून जायची आणि प्रत्येक फेरीला आत वळायची. कधीकधी छाती दाटून यायची. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दम लागतोय, होईल सवय." दम नव्हता तो.

वजन मात्र उतरत होतं. गळ्याची घडी गेली, बांगड्या सैल झाल्या. हळदीच्या कार्यक्रमांना जायची तर बायका गालाला हात लावून बघायच्या, "सुकलीस गो, साखर लागली का?" पुढ्यात मटणाचं ताट यायचं, नको म्हटलं की यजमानीणबाईचं तोंड पडायचं. सासूबाईंना तर ते सहनच होईना. "आख्खी आली ती अर्धी राहिली," त्या नवऱ्याला सांगायच्या, मी ऐकेन अशा बेताने. "लोक म्हनतील, सुनेला जेवाला घालीत न्हाय." मग माझ्या भाकरीवर तुपाचा गोळा यायचा. मायेने यायचा, त्यामुळे परत करता येत नसे. शेजारीण दुपारी यायची ती मुद्दाम माझ्याच ताटात जेवायला बसायची आणि सासूबाई वळल्या की तूप लावलेली भाकरी स्वतः खाऊन टाकायची. तिचं वजन काही उतरलं नाही. माझं उतरलं त्यात तिच्या पोटाचा मोठा वाटा आहे.

डॉक्टर म्हणाले, छान, आणखी थोडं. थोडंच राहिलं होतं, आणि नवऱ्याला भाडेकरू मिळाला.

तो पेढे घेऊन आला होता. मी एक तोंडात घातला, पण गोड लागेना. घराला भाडं येणार याचं मला वाईट वाटत होतं! असली बायको कुणाला हवी? मी हसले, सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवला.

माल लगेच यायला लागला. प्लास्टिकच्या खेळण्यांचे खोके, छतापर्यंत रचलेले. भाडेकरू भला होता, सकाळी तासभर चालवा म्हणाला. पण रोज एक नवी थप्पी उभी राहायची आणि आमची वाट तेवढी आकसायची. शेवटी खांबाभोवती एक गल्ली उरली, हँडल दोन्हीकडे घासेल एवढी. वॉचमन बिचारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, कल इधर भी माल लगेगा."

त्या दिवशी आम्ही तिघी बाहेर येऊन शटरला टेकून बसलो. बाई म्हणाल्या, "रविवारी खाडीच्या बांधावर जाऊ. सकाळी तिकडे गाड्या नसतात. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं, दोन मिनिटं रस्ता, की आलाच बांध." शेजारणीने लगेच मुलाची सायकल काढायचं ठरवलं. मी रात्रभर बांध डोळ्यांपुढे आणत होते. एवढी वर्षं या गावात, आणि बांधावर मी स्वतःच्या पायाने कधी गेले नव्हते.

रविवारी मी गाऊन घातला नाही. ट्रॅकपँटवरच बाहेर पडले. सासूबाई ओट्यावर होत्या, त्यांनी बघितलं. गल्ली संपेपर्यंत मी राणीसारखी गेले. बाई पुढे होत्या, त्या डावीकडे वळल्या. माझ्या मागून शेजारीण होती.

आणि मला वळता येईना.

मी हँडल डावीकडे नेलं तर सगळं अंग अडून बसलं. सायकल लटपटली. इतके महिने हजार फेऱ्या मारल्या त्या सगळ्या उजव्या. डावीकडे झुकायचं कसं हे माझ्या अंगाला माहीतच नव्हतं. तोल सावरायला मी अंगाला जे येत होतं तेच करू दिलं. उजवीकडे वळले. थेट रस्त्याच्या मध्यावर. कंटेनरचा हॉर्न अंगावर आला, ब्रेक किंचाळले, ड्रायव्हर काहीतरी ओरडला. मी थांबले नाही, थांबता येत नव्हतं. तशीच वळत राहिले, उजवीकडे, आणखी उजवीकडे, रस्त्यात एक पूर्ण फेरी घातली आणि पुन्हा आमच्याच गल्लीत घुसले. शेजारीण सायकल टाकून भिंतीला चिकटली होती. मी तिच्यासमोरून गेले आणि आमच्या फाटकावर जाऊन आपटले.

नवरा धावत आला. गुडघ्यातून रक्त येत होतं. कंटेनर माझ्यापासून किती लांब थांबला हे त्याला ड्रायव्हरनेच येऊन सांगितलं. तो मला रागावला नाही. पाणी आणून त्याने माझा गुडघा धुतला.

चार दिवसांनी टेम्पोतून एक सायकल आली. चाकं नसलेली, जागेवर मारायची. नवऱ्याने ती आमच्या खोलीत, खिडकीजवळ बसवली, म्हणजे मला हवा लागेल. खिडकीसमोर निळा पत्रा. बाई आणि शेजारीण मात्र रोज सकाळी येत राहिल्या. मी पॅडल मारायची आणि त्या पलंगावर बसून माझ्याशी बोलायच्या. सासूबाई आता खूश होत्या, तिघींना चहा आणून द्यायच्या. बाई एकदा हळूच म्हणाल्या, "चूक माझी. दोन्हीकडे वळायला शिकवायला हवं होतं." देव उजव्या हाताला ठेवायला लावणारी शेजारीण उठून कपबशा गोळा करायला लागली. ते मला फार लागलं.

राहिलेलं वजनही उतरलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ऑपरेशनची तारीख दिली, पाठ थोपटली. नवरा तर माझ्यापेक्षा फुलला होता. "घरच्या घरी केलं, डॉक्टर. तिला बाहेर पाऊल टाकावं लागलं नाही."

डॉक्टर मला म्हणाले, "काही विचारायचंय?"

"ऑपरेशननंतर सायकल कधी चालवता येईल?"

"दोन-तीन महिने थांबा. मग करा हळूहळू, घरीच तर आहे."

"मी रस्त्यावरची विचारतेय."

नवरा हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू थांबलं. "अगं, पण आता गरज काय?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता. डॉक्टरही बघत होते. किल्ली मागितली तेव्हापासून नवऱ्याला, सासूबाईंना, हळदीतल्या बायकांना, सगळ्यांना मी एकच सांगत आले होते, पोटासाठी. पोट आता बरं होणार होतं. दुसरं कारण मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं.